लेहरा आता मोबाइल वाजवतो

मी पेटीवाला. मैफिलीत साथीला बसायला लागलो ते फार नंतर. आधी कित्येक वर्षं लेहरा धरला. तबलजी रियाजाला बसले की आवर्तनाचं भान राहावं म्हणून तीनतालाच्या सोळा मात्रांत बांधलेली एकच ओळ तासभर वाजवत राहायची. कंटाळवाणं काम, पण चहा मिळायचा, थोडे पैसे मिळायचे आणि कायदे-रेले आपोआप कानात मुरायचे. आता ते काम मोबाइलवरचं अ‍ॅप करतं. पट्टी हवी ती, लय हवी ती, चहाचीही कटकट नाही. तबलजींना कुठल्या तोंडाने बोलू? माझ्याही घरी तंबोरा इलेक्ट्रॉनिकच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता कलाकारांच्या पोटावर पाय देणार का, असं हल्ली जो तो विचारतो. 'सवाई गंधर्व' महोत्सवाच्या मंचाची मला चिंता नाही. विलंबित एकतालात गायक समेच्या अलीकडे जरा रेंगाळला, की तबलजी ते ओळखून ठेका भरतो. मी गायकाची हरकत अर्धीच उचलतो. पूर्ण उचलली तर त्याची पुढची वाट अडते. हे सगळं त्याच्या श्वासावरून ठरतं. यंत्र उद्या हेही शिकेल म्हणा, पण ते ऐकायला तिकीट काढून कोण येणार?

मार बसतोय तो नवख्यांच्या कामांना. जिंगल, मालिकेचं पार्श्वसंगीत, मोठ्या गायकाआधी गाऊन ठेवायचा स्क्रॅच. 'सुनो'सारख्या गाणी बनवणाऱ्या अ‍ॅपला दोन ओळी लिहून दिल्या की थोड्याच वेळात आवाजासकट गाणं तयार. स्क्रॅच तर संगीतकार स्वतःच गातो आणि सॉफ्टवेअरमधून आवाज बाईचा करून घेतो. 'सीसॅक' या रचनाकारांच्या जागतिक महासंघाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२८ मध्ये संगीतकारांच्या मिळकतीतला २४ टक्के वाटा धोक्यात असेल. हा हिशोब रचना करणाऱ्यांचा. आम्ही वाजवणारे त्यात नाही.

कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राकडून होणारी नक्कल अंतरिम आदेशाने रोखली. पण माझी पेटी ऐकून ती माझी आहे हे कोण ओळखणार? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकालाही सादरकर्त्याचे हक्क आहेत. स्टुडिओत मात्र आम्ही एकरकमी पैसे घेतो आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही ठोकतो.

मध्यंतरी एका ठिकाणी पेटीच्या सुट्या ताना मागितल्या. गाणं नाही, चाल नाही. नुसत्या ताना, रागाचं नाव सांगून. कागदावर 'कोणत्याही स्वरूपात, कायमस्वरूपी' असं छापलेलं. 'यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार नाही' एवढी ओळ घाला म्हटलं, तर काम दुसऱ्याकडे गेलं. तीच ओळ घालून घ्यायला मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. परवा एकाला ती घालून मिळाली. मानधन मात्र कापलं.