लाइन डायरेक्ट करण्याआधी

मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गॅरेजवाल्यांचा हंगाम सुरू होतो. एखाद्या डिझेल मोटारीच्या कूलंटच्या बाटलीत ऑईलचा तवंग दिसला, की मालकाला हमखास एक सल्ला मिळतो. ‘ऑईल कूलर काढून टाका, लाइन डायरेक्ट करा. रेडिएटर आहे ना, मग हा कशाला?’ कूलरच्या जागी पट्टी बसते, पाण्याचे पाइप एकमेकांना जोडले जातात आणि नव्या भागाचा खर्च वाचतो. गाडी गंगाखेडला जाऊन येते, तापमानाचा काटा मधोमध राहतो. झालं! कंपनीने हा भाग उगाच बसवला होता, हे सिद्ध झाल्यासारखं सगळे बोलू लागतात.

सिद्ध काहीच होत नाही. तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑईलचं नव्हे. ऑईल १४० अंशांवर गेलं तरी काटा जागचा हलेलच असं नाही.

मुळात हा कूलर अनेकांनी पाहिलेलाच नसतो. बहुतेक मोटारींत तो समोरच्या जाळीमागे नसून ऑईल फिल्टरच्या बुडाशी बसवलेला ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा असतो. आत पातळ पत्र्यांचे थर असतात. एका थरातून ऑईल वाहतं, शेजारच्या थरातून कूलंट. फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट हे त्याचं ओळखीचं उदाहरण. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायर, इंडिका व्हिस्टा, मांझा, अर्टिगा असं पसरत गेलं, इतकं की गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला भारताचं ‘राष्ट्रीय इंजिन’ ठरवून टाकलं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल मोटारी बंद केल्या, पण जुन्या गाड्या अजून धावताहेत आणि त्यांच्या कूलरच्या सीलचं वयही झालं आहे.

यावर पुढचा आक्षेप तयारच असतो. कूलंट स्वतः ९० अंशांवर उकळायला आलेलं, ते ऑईलला काय गार करणार? पण ऑईलला गारठवायचं नसतंच. जोरात पळणाऱ्या इंजिनात ते १२०-१३० अंशांवर जातं आणि त्याच्यापुढे ९० अंशांचं कूलंट थंडच ठरतं. ‘आपल्या उन्हात कूलर काय कामाचा’ हा मुद्दाही इथेच निकाली निघतो. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट ठीक असतील, तर कूलंटचं तापमान परभणीत आणि महाबळेश्वरात जवळपास सारखंच राहतं. हवेवर चालणाऱ्या कूलरची गोष्ट निराळी. १२० अंशांच्या ऑईलला २० अंशांची हवा लागली तर फरक १०० अंशांचा, ४५ अंशांची लागली तर ७५ चा. म्हणजे उष्णता ओढण्याची ताकद पाव हिश्शाने घटते. निरुपयोगी मात्र तोही होत नाही.

‘रेडिएटर आहे ना’ या वाक्यातली खरी चूक वेगळीच आहे. कूलंट सिलिंडर आणि हेडभोवती फिरतं. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत ते पोचत नाही, पिस्टनच्या पोटाला लागत नाही. तिथली उष्णता ऑईलच वाहून नेतं. मल्टीजेटसारख्या इंजिनात तर पिस्टनवर खालून ऑईलची पिचकारी मारलेली असते. टर्बोचं शाफ्टही ऑईलवरच फिरतं. १५डब्ल्यू-४० ऑईलचा ४० अंशांना असलेला दाटपणा १०० अंशांना सुमारे आठव्या हिश्श्यावर येतो आणि १३० अंशांना आणखी निम्मा होतो. ऑईलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे-३०० मानकात १५० अंशांवरची चाचणी वेगळी ठेवली आहे, ती याच कारणाने. शिवाय तापलेल्या ऑईलचं तापमान दर १० अंशांनी वाढलं, की ते सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. जिंतूरकडच्या अजिंठा रांगेतल्या चढावर, एसी लावून, गाडी माणसांनी ठासून भरून जाणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा. इंजिन त्या दिवशी बंद पडत नाही. पिस्टनच्या रिंगा चिकटायला आणि बेअरिंग झिजायला महिने लागतात. तोवर लाइन डायरेक्ट करणाऱ्याचं नावही कुणाच्या लक्षात राहत नाही.

फोक्सवॅगनच्या बीटलचा इतिहास इथे बोलका आहे. त्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑईल कूलर पंख्याच्या आवरणात अशा जागी होता, की तिसऱ्या सिलिंडरला हवा कमी मिळे आणि तो जास्त तापे. कूलर काढून टाकायला याहून चांगलं निमित्त कोणतं? पण १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने त्याची जागा बदलली, कूलर ठेवलाच.

मात्र प्रत्येक इंजिनाला ऑईल कूलर लागतो, असंही नाही. अनेक लहान पेट्रोल मोटारींना तो नसतो आणि त्या सुखाने चालतात. तिथे हौसेने बाहेरून बसवला तर गळतीची नवी जागा तेवढी वाढते.

बाकीचे समज किरकोळ. जाड ऑईल ओतलं की कूलर नको, हे चूक. जाड ऑईल घर्षणाने स्वतःच जास्त तापतं. हिवाळ्यात कूलर इंजिन गारठवतो, हेही उलटं. परभणीत पारा एक आकडी होतो त्या पहाटे कूलंट आधी तापतं आणि ऑईललाही लवकर तापवतं. डिझेल इंजिनातलं ऑईल काळं दिसणं म्हणजे बिघाड नव्हे, ते काजळी धरून ठेवतंय एवढंच. पल्सर २२० किंवा जुन्या ४११ सीसी हिमालयनच्या पुढचा कूलर शोभेचा नाही. काळ्या मातीचा चिखल त्यात वाळू देऊ नये. आणि बोअरचं क्षाराचं पाणी कूलंटच्या जागी ओतणं ही बचत नाही, त्या क्षारांनीच कूलरचे बारीक मार्ग बुजतात.

तेव्हा बाटलीत तवंग दिसला, तर आधी प्रेशर टेस्ट करून घ्यावी. दोष कूलरच्या सीलमध्ये असू शकतो, गाभ्यात असू शकतो, नाहीतर हेड गॅस्केटमध्येही. नुसती सील गेली असेल तर ती बदलावी, गाभा फुटला असेल तर कूलर बदलावा, मग कूलंटचा मार्ग धुऊन कंपनीने सांगितलेलं कूलंट भरावं. ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला नम्रपणे नको म्हणावं.