निर्माल्य व बागेतील आच्छादनामुळे कुत्र्यांना होणारी विषबाधा

वाराणसी येथील शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. येथील शिवालयांत बेलाबरोबर धोतरा, रुई आणि कण्हेरही वाहण्यात येते. या निर्माल्यात कुत्री तोंड घालतात. असेच निर्माल्य पालापाचोळ्यासह झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरले की, धोका घरच्या बागेत येतो.

धोतऱ्यामुळे कुत्र्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, नाडी जलद चालते. कण्हेरीमुळे उलट्या होतात आणि हृदयाचे ठोके मंद वा अनियमित होतात. हा भेद उपचारांत निर्णायक ठरतो. कण्हेरीने मंदावलेल्या हृदयासाठी अ‍ॅट्रोपिन देण्यात येते. धोतऱ्यात मात्र मुळातच अ‍ॅट्रोपिन असल्याने तेच औषध विषबाधा वाढविते. म्हणून खाल्लेल्या आच्छादनाचा नमुना, शक्य तर उलटीसह, पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक आहे.

ओलसर, बुरशी आलेल्या पाचोळ्यातील विषांमुळे थरथर व झटके येतात. परदेशांत बागेत वापरल्या जाणाऱ्या कोकोच्या टरफलांत थिओब्रोमिन असते. हेच द्रव्य चॉकलेटमध्येही असते. कुत्र्याच्या शरीरात त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे साडेसतरा तास लागतात. त्यामुळे उपचार लांबतात. नारळाच्या काथ्याचा भुसा विषारी नसला तरी पोटात फुगून आतडे बंद करू शकतो. अशा वेळी क्ष-किरण तपासणी व प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते.

कुत्रे पूर्ण शुद्धीवर असेल आणि खाऊन फार वेळ झाला नसेल, तर अपोमॉर्फिनच्या इंजेक्शनने उलटी करविण्यात येते. झटके सुरू झाले असल्यास उलटी टाळतात, कारण ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यानंतर किलो वजनामागे साधारण १ ते २ ग्रॅम सक्रिय कोळसा, शिरेवाटे सलाइन, झटक्यांसाठी डायझेपाम आणि हृदयालेखावर देखरेख, असा क्रम असतो.

घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न घातक आहे. रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होते. दूध वा तूप पाजल्यानेही विष उतरत नाही, वेळ मात्र जातो. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय परिचित आहे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरील फिरती पथके मुख्यतः पशुधनासाठी असल्याने जवळच्या पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक आधीच नोंदवून ठेवावा.