बत्तीस तारांचं चाक

सायकल म्हटली की आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना ती काळी, जड, भाड्याची सायकल आठवेल. तासाचे पैसे मोजून घ्यायची आणि पाय पोचत नसले तर दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. त्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असत आणि मागच्याला ४०. नातवंडांनो, घरात आजोबांना विचारून पाहा. बहुतेकांनी मोजल्या नसतील. आमच्या मुलाच्या आजोबांनी मात्र मोजल्या आहेत. अलिबागला त्यांचं सायकल दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं आणि चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगतात.

आम्ही तिघं, दोघं नवरा-बायको आणि मुलगा, ओमानमध्ये मस्कतला अझैब्यात राहतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सुलतान काबूस महामार्ग आणि त्यापलीकडे बौशरचे उघडेबोडके तपकिरी डोंगर. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सायकल चालवणं म्हणजे तव्यावर पापड भाजणं. म्हणून इथले सायकलवाले अंधारातच बाहेर पडतात. सतरा वर्षांचा आमचा मुलगाही शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पहाटे निघतो, समुद्राकाठच्या रस्त्याने जातो, कधी बौशरहून अल आमेरातचा घाट चढतो.

एका शुक्रवारी सहा वाजता त्याचा फोन आला. घाट उतरताना मागच्या चाकाची तार तुटली होती. चाक वेडंवाकडं होऊन ब्रेकला घासू लागलं, सायकल हेलकावे खाऊ लागली आणि मागून ट्रक येत होता. कसाबसा कडेला आला. आम्ही गाडी घेऊन गेलो तेव्हा तो कठड्यावर बसून होता आणि त्याचे गुडघे अजून थरथरत होते. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. घरी आल्यावर त्याच्या आईने सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्याकडे ठेवली.

ते चाक सायकलबरोबर आलेलं होतं. पुढे २० तारा, मागे २४, दिसायला देखणं. तारा कमी असल्या की प्रत्येक तारेवर भार जास्त, हे तर उघड आहे. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. ४० तारांच्या चाकाची एक तार गेली तर चाक जरासं डुलतं, माणूस घरी पोचतो. २४ मधली एक गेली तर चाक तिथेच संपतं. वर त्या तारा चपट्या, खास त्याच चाकासाठी बनवलेल्या. मस्कतच्या दुकानांत मिळेनात. बाहेरून मागवायच्या तर कित्येक आठवडे थांबा.

मुलाने लगेच सुचवलं की आता नवी चाकंच घेऊ, कार्बनची. काळीभोर, खोल रिमची, हलकी. त्याने किंमत सांगितली तेव्हा आम्ही हिशेब केला : त्या पैशांत आमच्या तिघांची उन्हाळ्यातली मुंबईची तिकिटं आली असती. आजोबा ८३ वर्षांचे. हा हिशेब त्यालाही कळला, पण हट्ट काही लगेच सुटला नाही. त्या वयात आपला तरी कुठे सुटत होता?

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साध्या ॲल्युमिनियमच्या चांगल्या जोडीत आणि त्या कार्बनच्या जोडीत वजनाचा फरक साधारण अर्ध्या किलोचा. मुलगा आणि सायकल मिळून ७५ किलो. म्हणजे शंभरातला एक हिस्सासुद्धा नाही. इथल्या उन्हात तो पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बरोबर नेतो, त्यातलंच पाणी दीड किलो! अर्धा किलो तर पहिल्या तासात पिऊन होतं. खोल रिमने सपाटीवर वेग थोडा वाढतो हे खरं, पण समुद्रावरून आडवा वारा सुटला की तीच रिम शिडासारखी ढकलली जाते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. त्याच्या सायकलला डिस्क ब्रेक नाहीत, रबर रिमवरच घासतं. घाटात ब्रेक दाबून उतरलं की रिम तापते, आतली हवा तापते, दाब वाढतो. ही नुसती भीती नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत 'टूर ऑफ ओमान' या शर्यतीत जगातले नावाजलेले स्वार आले होते. पाचव्या दिवशी आधी वाळूचं वादळ झालं, मग ऊन असं तापलं की याच बौशर-अल आमेरातच्या उतारावर टायर फुटू लागले. स्वार थांबले, एडी मर्क्ससारख्या दिग्गजाशी रस्त्यातच वाद झाला आणि त्या दिवसाची शर्यत रद्द झाली. तरबेज स्वारांची ही गत, तर आमच्या पोराचं काय? ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडून देतं. कार्बनच्या रिममध्ये धागे चिकटवणारा राळेसारखा पदार्थ असतो, तो फार तापला तर मऊ पडू शकतो. ज्यांच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत त्यांना ही काळजी नाही, कारण तिथे रिम तापतच नाही.

तरीही शेवटचा शब्द अलिबागचाच होता. आजोबांना फोन लावला. तुटलेल्या तारेचं ऐकून ते म्हणाले, "चाक उचलून धर, एकेक तार बोटाने छेड आणि मला ऐकव."

मुलाने फोन चाकाजवळ धरला. टिंग, टिंग, टुण्, टिंग, टुण्.

"अरे, हे काय भजन आहे का? सगळ्या एका सुरात का नाहीत?"

आता मुलगा शिकवू लागला. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला अकरा दात्यांच्या चकत्या बसतात, त्यामुळे तिकडच्या तारा जवळजवळ उभ्या लागतात आणि फार ताणाव्या लागतात. डावीकडच्या तिरप्या असतात, त्या सैल. म्हणून उजवीचा सूर वरचा, डावीचा खालचा. आजोबांच्या काळी मागे एकच चकती असायची, दोन्ही बाजू जवळपास सारख्याच.

आजोबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरं, तर उजव्या उजव्यांत बघ, डाव्या डाव्यांत बघ." पाहिलं तर उजव्या उजव्यांतही सूर जुळत नव्हता. "हेच ते," आजोबा म्हणाले. "तुटली ती एकटीच राबत होती. शेजारच्या सैल होत्या."

आम्हाला सगळं इथे उलगडलं. प्रत्येक फेऱ्यात जमिनीकडची तार क्षणभर सैल होते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. ताण सारखा नसेल तर हा झटका मोजक्या तारांवर जास्त बसतो आणि धातू थकतो.

घल्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एक केरळचा मिस्त्री आहे. सगळे त्याला चेट्टन म्हणतात. त्याने हाताने चाकं बांधून दिली. हब शिमानो १०५ चे, त्यात सुटे छर्रे. उघडून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवता येतात. रिम मवीकची ॲल्युमिनियमची. पुढे २८ तारा, मागे ३२, साध्या गोल, कुठेही मिळणाऱ्या, फक्त मधे किंचित बारीक केलेल्या. बारीक तार जास्त मजबूत कशी, असं आम्हीही विचारलं. मधला भाग थोडा ताणला जातो आणि झटका खातो, म्हणून टोकाला जिथे तुटते तिथे भार कमी येतो. निपल पितळेचे घेतले. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण खाऱ्या हवेत ते तारेला धरून बसतात आणि मग चावी फिरवली की गोल होऊन जातात. अश्दोद, अश्केलोनला समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

सगळ्याला त्या कार्बनच्या जोडीच्या साधारण एक तृतीयांश पैसे लागले. त्यातच चांगले टायर घेतले. २८ मिलिमीटरचे हवे होते पण ब्रेकला लागत होते, म्हणून २५ वर भागवलं. हवा पूर्वी १२० पर्यंत ठासायचा, आता ९० च्या आसपास ठेवतो. हाताला बसणारे धक्के कमी झाले आणि वेग काही कमी झाला नाही. चेट्टनने दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी पुठ्ठ्यावर लिहून दिली, कारण मागच्या चाकात डावी-उजवी एका मापाची नसते. दोन-दोन जादा तारा मुलाने सायकलच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून ठेवल्या आहेत.

आणखी एक. इथली वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम कानशीसारखी घासते. रिमवर एक बारीक खळगा असतो, तो दिसेनासा झाला की रिम बदलायची. मुलांनो, दर आठवड्याला ओल्या फडक्याने रिम पुसा, आणि रबरात चमकणारे कण दिसले तर टाचणीने काढा.

पाचशे किलोमीटर झाल्यावर चेट्टनने चाक पुन्हा तपासलं, थोडा आऊट काढला. तेव्हा कुठे आईने कुलपाची किल्ली परत दिली.

जुलैत आम्ही तिघं मुंबईला आणि तिथून मांडव्यामार्गे अलिबागला गेलो. मुलाने मागचं चाक सामानात नेलं होतं, कपड्यांत गुंडाळून. आजोबांनी चहा बाजूला ठेवला, ओसरीत बसून चाक मांडीवर घेतलं आणि नखाने एकेक तार वाजवत फेरा पूर्ण केला. मग एका तारेवर बोट ठेवून म्हणाले, "ही जरा सैल आहे. चावी आण."