मावा टिकू न देणारा भुईमूग

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत भुईमुगाचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्या रोगांत रोझेट अग्रभागी आहे. पाने पिवळी पडतात, पेरे आखूड राहून झाड खुजे होते. लागण लवकर झाली तर शेंगाच धरत नाहीत. रोगामागे दोन विषाणू आणि एक उपग्रही आरएनए असतो. या तिघांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो मावा.

पैदासकारांनी आधी विषाणूलाच दाद न देणारी झाडे शोधली. १९५०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील काही स्थानिक वाणांत तशी प्रतिकारशक्ती सापडली. पण ती बहुतेक उशिरा तयार होणाऱ्या वाणांत होती. पाऊस लवकर आटोपणाऱ्या भागातल्या शेतकऱ्याला असे वाण परवडत नाहीत. त्याला लवकर येणारा उपटी भुईमूग हवा असतो. महाराष्ट्रात जळगावला निवडलेला जेएल-२४, म्हणजेच ‘फुले प्रगती’, मलावीत ‘काकोमा’ या नावाने गेला तो याच गुणामुळे; रोझेटपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही.

वाट दिसली ती दक्षिण भारतातून गोळा केलेल्या आयसीजी १२९९१ या लवकर येणाऱ्या उपटी वाणात. कलम करून विषाणू आत घातला, तर हे झाड इतरांसारखेच आजारी पडते. शेतात मात्र ते बरेचसे निरोगी राहते, कारण माव्याला त्याचा रस नीट शोषता येत नाही आणि या झाडावर माव्याची वाढही खुंटते. विषाणूशी न लढता त्याचे वाहन अडवणारा हा प्रतिकार मोलाचा आहे. मलावीत हा वाण ‘बाका’ या नावाने प्रसारित झाला.

हा गुण दुसऱ्या वाणात आणणे चिकाटीचे काम आहे. भुईमुगात स्वपरागीभवन होते. त्यामुळे संकरासाठी संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. त्यातही माव्याचा प्रतिकार एकाच अप्रभावी जनुकावर अवलंबून आहे. पहिल्या पिढीत तो दिसतच नाही. दुसऱ्या पिढीत साधारण चौथ्या हिश्श्याच्या झाडांत उमटतो. निवडीसाठी मलावीतील चितेद्झे केंद्रावर मुद्दाम रोग ओढवून घेतात: चाचणीच्या ओळींमध्ये रोगाला बळी पडणारा वाण पेरून त्यात रोगट, मावा लागलेली झाडे लावतात.

एकाच जनुकावरचा प्रतिकार माव्याच्या नव्या प्रकारापुढे ढासळू शकतो. म्हणून विषाणूचा आणि माव्याचा असे दोन्ही प्रतिकार एकाच लवकर येणाऱ्या वाणात एकत्र आणणे श्रेयस्कर ठरते.