अव्यवस्थित द्विमितीय धातूंतील विद्युत् संवहन

अव्यवस्थित द्विमितीय धातूंतील विद्युत् संवहन : ज्या धातूत अशुद्धी व जालकदोष पुष्कळ असतात किंवा अणूंची मांडणीच अनियमित असते, त्याला अव्यवस्थित धातू म्हणतात. अशा धातूच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पटलात नीच तापमानास इलेक्ट्रॉनांचे संवहन द्विमितीय मानता येते. या पटलांचे वर्तन जाड तारेहून वेगळे असते.

अभिजात सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन झाल्याने रोध निर्माण होतो. तापमान उतरवीत गेल्यास अणूंची कंपने मंदावतात, रोध घटतो आणि अखेर केवळ अशुद्धींमुळे उरणाऱ्या मूल्यावर स्थिरावतो. परंतु इलेक्ट्रॉनाला तरंगरूपही असते. एखाद्या बंद मार्गाने आरंभबिंदूकडे परतणारा तरंग व त्याच मार्गाने उलट दिशेने परतणारा तरंग हे समान कलेत असतात. त्यांच्या व्यतिकरणामुळे इलेक्ट्रॉन मूळ जागी परतण्याची संभाव्यता दुप्पट होते व संवहनास अडथळा येतो. या आविष्काराला दुर्बल स्थानबद्धता म्हणतात. प्रतलात यदृच्छया भटकणारा कण आरंभबिंदूच्या निकट वारंवार परततो म्हणून द्विमितीय पटलात हा परिणाम विशेष महत्त्वाचा ठरतो.

पुरेशा अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉन एका जागी जखडले जातात, असे फिलिप डब्ल्यू. अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखविले. १९७९ मध्ये त्यांनी एलिहू अब्राहम्स, डी. सी. लिचार्डेलो व भारतीय भौतिकीविज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांच्यासह असा निष्कर्ष मांडला की, त्रिमितीय पदार्थात अव्यवस्था विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यासच तो निरोधक बनतो. द्विमितीय पदार्थात मात्र अव्यवस्था कितीही अल्प असली, तरी पुरेसा मोठा नमुना निरपेक्ष शून्य तापमानास निरोधकच ठरतो. म्हणजेच या अर्थाने खरा द्विमितीय धातू संभवत नाही.

तरीही पातळ पटले व्यवहारात वीज वाहून नेतात. पटलाच्या चौरस तुकड्याचा रोध तुकड्याच्या आकारावर अवलंबून नसतो. हा रोध सु. २५,८१३ ओहम या पुंजमूल्याच्या मानाने अल्प असल्यास स्थानबद्धतेची लांबी प्रचंड असते आणि तापमान उतरताना रोध लॉगरिथमीय रीतीने किंचित वाढतो, एवढेच आढळते. जी. जे. डोलन व डी. डी. ओशेरॉफ यांना १९७९ मध्ये सोने-पॅलॅडियमाच्या पटलांत अशी वाढ आढळली. इलेक्ट्रॉनांमधील परस्परक्रियेमुळेही अशीच वाढ होते, हे पुढे स्पष्ट झाले. या दोन कारणांचा वेध चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने वेगवेगळा घेता येतो. दुर्बल क्षेत्रामुळे दोन उलट मार्गांवरील तरंगांची कला भिन्न होते, स्थानबद्धता क्षीण होते व रोध घटतो. सोन्यासारख्या जड अणूंच्या धातूंत इलेक्ट्रॉनाचे परिवलन त्याच्या गतीशी निगडित असल्याने याउलट परिणाम दिसू शकतो.

वरील निष्कर्षात परस्परक्रिया विचारात घेतलेली नव्हती. १९९४ मध्ये एस. व्ही. क्राव्हचेंको व सहकाऱ्यांनी सिलिकॉनातील अत्यंत शुद्ध द्विमितीय थरांत तापमान उतरताना रोध कित्येक पटींनी घटत असल्याचे दाखविले. ही खरी धात्वीय अवस्था आहे की नाही, याविषयी भौतिकीविज्ञांत मतभेद आहेत.