वास्तुशिक्षण : प्रवेश व गुणमान

वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळण्यासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता, कल-चाचणी व गुणांकनाची पद्धती. वास्तुकला ही एकाच वेळी कला, तंत्रविद्या व व्यवसाय असल्याने तिच्या विद्यार्थ्याची निवड कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न इतर तांत्रिक शाखांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा ठरतो. गणितात प्रवीण असलेल्या विद्यार्थ्यास अवकाशाची जाण असेलच असे नाही. उलट उत्तम रेखाटन करणाऱ्यास भारवाहक रचनेचे गणित जड जाऊ शकते.

भारतात या शिक्षणाची परंपरा मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेशी (स्थापना १८५७) निगडित आहे. तेथील आरेखकांच्या वर्गातून वास्तुकलेचा नियमित अभ्यासक्रम विकसित झाला व १९५८ मध्ये वास्तुकला महाविद्यालय कलाशाळेपासून वेगळे झाले. कलाशाळेच्या छत्राखाली हे शिक्षण वाढल्यामुळे मुक्तहस्त रेखाटनास येथे प्रथमपासून महत्त्व राहिले. कायद्याची चौकट मात्र वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये प्राप्त झाली. या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) १९८३ मध्ये शिक्षणाच्या किमान दर्जाविषयीचे विनियम केले. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात ४० विद्यार्थ्यांची मर्यादा आणि गणित विषयासह उच्च माध्यमिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण, या त्यांतील प्रमुख तरतुदी होत. अभ्यासक्रमातही प्रत्येक विषयात ४५ व एकूण ५० टक्के गुणांची अट होती.

२०२० च्या नव्या विनियमांनी गणिताबरोबर भौतिकी व रसायनशास्त्र हे विषयही आवश्यक केले, तसेच गणितासह तीन वर्षांची पदविका घेतलेल्यांसही पात्र मानले. रसायनशास्त्राची सक्ती पुढे शिथिल करण्यात आली. गणिताची अट मात्र कायम आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की अकरावीस गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यास, तो कितीही निपुण चित्रकार असला, तरी हे द्वार बंद होते. वास्तुकलेचा विचार बहुधा बारावीच्या निकालानंतर सुरू होत असल्याने ही गोष्ट फार उशिरा लक्षात येते.

कल-चाचणी पूर्वी निरनिराळ्या संस्था आपापल्या घेत. २००६ मध्ये परिषदेने ‘नाटा’ ही राष्ट्रीय चाचणी सुरू केली. २०२४ च्या परीक्षेत तिच्या २०० गुणांपैकी ८० गुण रेखाटन व संयोजनास, तर १२० गुण संगणकावरील वस्तुनिष्ठ प्रश्नांस होते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व नियोजन आणि वास्तुकला विद्यालये यांतील प्रवेश संयुक्त प्रवेश परीक्षेच्या (जेईई मेन) स्वतंत्र प्रश्नपत्रिकेद्वारे होतो. तीत ४०० पैकी १०० गुण गणितास, २०० अभियोग्यतेस व १०० रेखाटनास असतात.

या गुणांचा मेळ कसा घातला जातो, यावर निवडीचे स्वरूप अवलंबून असते. महाराष्ट्रातील केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत बारावीचे गुण व कल-चाचणीचे गुण यांना समान भारांश दिला जातो. समजा, एका विद्यार्थ्यास बारावीत ९० टक्के, पण चाचणीत ४० टक्के गुण मिळाले आणि दुसऱ्यास अनुक्रमे ६४ व ६६ टक्के मिळाले, तर दोघांची सरासरी ६५ च येते. दोन अगदी भिन्न प्रकृतीचे विद्यार्थी अशा रीतीने एकाच पायरीवर येतात. त्यांपैकी कोण अधिक चांगला वास्तुविशारद होईल, हे ही सरासरी सांगू शकत नाही. याउलट खरगपूर, रूडकी व वाराणसी येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थांत वास्तुकला अभियोग्यता चाचणी केवळ उत्तीर्ण व्हावी लागते. जागा मिळते ती प्रगत संयुक्त परीक्षेतील क्रमांकावरून. तेथे रेखाटन हा उंबरठा आहे, मोजपट्टी नव्हे. रेखाटनाची चाचणी तरी जन्मजात कल मोजते काय, हेही शंकास्पदच होय. ठराविक विषयांच्या पाठ केलेल्या चित्रांवर भर देणाऱ्या शिकवणी-वर्गांनी तिला सरावाचे रूप दिले आहे आणि त्याचा लाभ साहजिकच शहरी व सधन विद्यार्थ्यांस अधिक मिळतो. ब्रिटनमध्ये अनेक विद्यापीठे शालेय श्रेणींबरोबर उमेदवाराचा चित्रसंग्रहही पाहतात. ही पद्धत अधिक सखोल असली, तरी हजारो अर्जांच्या बाबतीत ती राबविणे कठीण आहे.

प्रवेशानंतर गुणांकनाची रीतही पालटते. संकल्पनाच्या कार्यशालेत विद्यार्थी आपले आराखडे व प्रतिकृती परीक्षकमंडळापुढे मांडतो, त्यांचे समर्थन करतो. एकच बरोबर उत्तर नसलेल्या या परीक्षेत बारावीचे उच्च गुण मिळविणारे कित्येकदा प्रथमच गोंधळतात.

प्रवेश घेताना संस्थेची मान्यता तपासणे विशेष आवश्यक असते. अधिनियमाच्या ३७ व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ ही संज्ञा व्यावसायिक नावाबरोबर वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे कलम संज्ञेच्या वापरापुरतेच आहे, वास्तुविषयक काम करण्यास ते प्रतिबंध करीत नाही, असा निर्णय दिला. तथापि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अर्हताच लागते. मान्यता नसलेल्या संस्थेत पाच वर्षे घालविलेल्या विद्यार्थ्यास ती मिळत नाही.