टिपणांची जपणूक

ढोकीशेजारच्या तेरविषयी, म्हणजे प्राचीन तगर नगराविषयी, टिपणे काढू लागले की चिठ्ठ्यांचा ढीग साचतो. ग्रंथ आठवतो, पान काही सापडत नाही! पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. प्रत्येकीवर ग्रंथ व स्थळ नोंदले, म्हणूनच त्या आजही कामी येतात. २००६ साली निघालेले 'झोटेरो' हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम संगणकावर करते. लेखक, ग्रंथ, वर्ष एकदा भरावे. संदर्भसूची ते लावून देते. पानाचा आकडा मात्र आपणच टिपावा. आणि संगणक बिघडला तर? बियाणे आपण खाण्याच्या धान्यापासून निराळे राखतो ना, तशी झोटेरोच्या फोल्डरची नक्कल दर आठवड्यास पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो शाळेच्या कपाटात ठेवावा.